साखळीला बांधलेला पेला

साताऱ्यातल्या आमच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, हाताच्या पंजात मावेल एवढा एक संगणक गेली काही वर्षे अखंड चालू आहे. त्याला पंखा नाही, पडदा नाही, आवाजही नाही. शेजारी एक साठवणीची डिस्क, तिच्यावर चिकटवलेली ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी आणि वीज गेली तर काही तास निभावून जावे म्हणून जोडलेली एक लहान बॅटरी, एवढाच त्याचा संसार. या संगणकावर दोन गोष्टी नांदतात. एक म्हणजे सत्तावीस माणसांचे छोटेसे समाजमाध्यम. त्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, माझे काही जुने विद्यार्थी आहेत आणि परदेशी गेलेले दोघे-तिघेही आहेत. दुसरी म्हणजे आम्ही मिळून तयार केलेल्या पर्जन्यमापकाच्या सर्किटचे आराखडे, त्यांतल्या प्रत्येक दुरुस्तीच्या इतिहासासह. दोन्ही गोष्टी खुल्या आहेत. कुणीही यावे, वाचावे आणि आराखडे घेऊन जावेत. या खुलेपणाचा अर्थ काय, हा प्रश्न मला तो संगणक सुरू केला तेव्हा पडला नव्हता; तो पडला मे २०२५ मधल्या एका रात्री.

त्या रात्रीकडे जाण्याआधी आमच्या या छोट्या माध्यमाची घडण सांगायला हवी. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून बरीच माणसे ट्विटरवर नाराज होऊन मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाकडे वळली, त्या लाटेत मीही तिथे पोहोचले. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीत ऑयगन रोख्को यांनी सुरू केले. ते एका कंपनीच्या एका इमारतीत राहत नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर स्वतंत्रपणे चालतात आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या समान नियमावलीने एकमेकांशी बोलतात; ही नियमावली जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अधिकृत केली. टपालखात्यासारखी ही रचना आहे: माझे टपालघर साताऱ्यातले, तुमचे बर्लिनमधले, तरी पत्र पोहोचते. पुढे आम्ही आमचे स्वतःचे टपालघर काढायचे ठरवले, तेव्हा मॅस्टोडॉन आमच्या चिमुकल्या यंत्राला पेलवेना. म्हणून गोटूसोशल नावाचे हलके सॉफ्टवेअर निवडले. ते शेकडो मेगाबाइट स्मृतीत भागवते आणि मुळातच अबोल आहे. सगळ्यांच्या सगळ्या पोस्ट एका चव्हाट्यावर मांडण्याची सोय त्यात हेतुपुरस्सर ठेवलेलीच नाही.

आणि पर्जन्यमापक. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एवढ्या अंतरात पाऊस कसा उतरत जातो हे गावागणिक मोजावे, अशी कल्पना एका विद्यार्थ्याने मांडली. तराजूसारख्या दोन लहान वाट्या, एक भरली की कलंडते आणि दुसरी पावसाखाली येते. दर कलंडण्यामागे ०.२ मिलिमीटर पाऊस धरायचा आणि चुंबकाने चालणाऱ्या स्विचने ती संख्या मोजायची. सर्किट आम्ही कायकॅड या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटले, जे स्वतःच मुक्तस्रोत आहे. आराखड्यांना सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा खुल्या हार्डवेअरचा परवाना लावला, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीतला सर्वांत कडक प्रकार. त्याचे म्हणणे साधे आहे. आराखडा घ्या, बदला, बनवा, विकाही. मात्र बदललेले यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना बदललेला आराखडाही त्याच अटीवर द्या. आमच्या गटात हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे सकाळी साडेआठला गेल्या चोवीस तासांचा आकडा टाकला जातो. पाटणकडचे एक निवृत्त गुरुजी हा आकडा एक दिवसही चुकवत नाहीत आणि त्याखाली ओढ्याला पाणी कुठवर आले, कोणती झाडे फुलली, हे दोन ओळींत लिहितात.

त्या रात्री दोनच्या सुमारास राउटरचा दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला दिसला. संगणकाशी बोलू गेले तर उत्तर येईना. बऱ्याच वेळाने लॉग, म्हणजे आलेल्या मागण्यांची नोंदवही, उघडला, तेव्हा सत्तावीस माणसांनी अनेक महिन्यांत उघडली नसती एवढी पाने कुणीतरी काही तासांत मागितलेली होती. एकाच इंटरनेट-पत्त्यावरून नव्हे. हजारो पत्त्यांवरून, प्रत्येकाने एखाद-दुसरेच पान, आणि प्रत्येकाने आपली ओळख साधा घरगुती ब्राउझर अशी दिलेली. हे बॉट, म्हणजे बहुधा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांना शिकवण्यासाठी मजकूर गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम. अशा बॉटना भाड्याने मिळणारे पत्ते बरेचदा खऱ्याखुऱ्या घरांचेच असतात. फुकट म्हणून घेतलेल्या एखाद्या अ‍ॅपच्या पोटात दडलेली प्रणाली त्या घरातले इंटरनेट दुसऱ्याला वापरायला देत असते आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे कुणाला अडवायचे, हेच ठरत नाही. पत्ते अडवत गेले तर ब्राझीलमधल्या एखाद्या आजीचे घर मी अडवणार.

त्यांचा सगळा रोख आराखड्यांच्या पानांवर का होता, हे समजून घेण्यासारखे आहे. आमच्या भांडारात सुमारे चाळीस फायली आणि त्यांत केलेल्या तीनशे नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीच्या वेळी प्रत्येक फाइल कशी होती, आधीपेक्षा काय बदलले, कोणती ओळ कुणी लिहिली, अशी निदान तीन पाने सर्व्हर मागणीनुसार तयार करतो. चाळीस गुणिले तीनशे गुणिले तीन म्हणजे छत्तीस हजार पाने, आणि एकाही माणसाने त्यांतली शंभराहून अधिक कधी पाहिली नसतील. माणूस जे शोधायला आला ते घेऊन जातो. यंत्र मात्र प्रत्येक दुव्यावर जाते, आणि मागितलेले प्रत्येक पान माझ्या लहानग्या प्रोसेसरला नव्याने शिजवून वाढावे लागते. वास्तविक ते संपूर्ण भांडार एका आज्ञेने, एका मिनिटात, इतिहासासकट उतरवून घेता येते. ती सोय कुणीच वापरली नव्हती.

आपणच एकटे या फेऱ्यात सापडलो नाही, हे दुसऱ्या दिवशी शोधू लागल्यावर कळले. सॉफ्टवेअरची माहितीपत्रके विनामूल्य ठेवणाऱ्या रीड द डॉक्सने लिहिले होते की मे २०२४ मध्ये एकाच बॉटने ७३ टेराबाइट मजकूर उतरवला, त्यातला सुमारे १० टेराबाइट एकाच दिवसात, आणि त्याचे पाच हजार डॉलरहून अधिक बिल त्यांच्या अंगावर पडले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की पाने पाहणाऱ्यांत बॉट ३५ टक्के असले, तरी सर्वांत खर्चिक वाहतुकीतला त्यांचा वाटा ६५ टक्के आहे. याचे कारण मला फार बोलके वाटले. माणसे बहुधा त्या-त्या वेळी गाजणारी पाने वाचतात, ती जवळच्या साठ्यातून स्वस्तात देता येतात. बॉट मात्र वर्षानुवर्षे कुणी न उघडलेली पानेही मागतो, आणि ती थेट मूळ सर्व्हरमधून काढून द्यावी लागतात. विकिमीडिया आपला सगळा मजकूर एकत्रित स्वरूपात सर्वांना उतरवून घेऊ देते, तरीही हे घडते.

इथे मला माझे आजोबा आठवतात. ते चैत्र लागला की फलटणच्या रस्त्यावर वडाखाली पाणपोई मांडत: तीन रांजण, त्यांना गुंडाळलेली ओली फडकी, वर पळसाच्या पानांची सावली. पाणी अर्ध्या मैलावरच्या विहिरीवरून कावडीने येई. एका उन्हाळ्यात जवळच कसलेसे बांधकाम निघाले आणि तिथली माणसे पिंपे घेऊन येऊ लागली. सकाळी भरलेले रांजण नऊ वाजायच्या आत कोरडे. लोकांनी आजोबांना सुचवले की पाणपोई बंद करा, नाहीतर राखण बसवा. आजोबांनी रांजणांवर अरुंद तोंडाची झाकणे बसवून घेतली आणि पितळी पेला साखळीने खुंटीला बांधला. वाटसरूला काहीच फरक पडला नाही, त्याला दोन पेले पुरत. पिंप भरायचे तर मात्र दुपार होऊ लागली. कुणाला जातगोत विचारावे लागले नाही, की कुणावर पाळत ठेवावी लागली नाही.

बॉटना आवरणाऱ्या अनुबिस या साधनाची कल्पना वाचली तेव्हा मला हाच पेला दिसला. शी इआसो या कॅनडातल्या प्रोग्रॅमरने जानेवारी २०२५ मध्ये, स्वतःचा सर्व्हर एका बॉटने दमवल्यावर, हे साधन लिहिले आणि मृतांच्या हृदयाचे वजन करणाऱ्या इजिप्शियन देवाचे नाव त्याला दिले. पान मागणाऱ्या ब्राउझरला ते आधी एक कोडे घालते: अमुक अक्षरांना अशी संख्या जोड, की त्यांच्यापासून निघणाऱ्या सांकेतिक खुणेच्या सुरुवातीला ठरावीक इतकी शून्ये येतील. प्रयत्न करत राहण्यावाचून याला दुसरी वाट नाही, आणि उत्तर तपासणे मात्र क्षणाचे काम. एका माणसाच्या एका भेटीला याची झळ जाणवत नाही, कारण एकदा सुटलेले कोडे काही दिवस चालते. लाखो पाने नवनव्या पत्त्यांवरून ओरबाडणाऱ्याला मात्र दर वेळी वीज आणि वेळ खर्चावा लागतो. लिनक्ससाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाने हे साधन लावल्यावर अडीच तासांत आलेल्या सुमारे ८१ हजार विनंत्यांपैकी केवळ ३ टक्के आत पोहोचल्या. गोटूसोशलनेही याच जातीचा अडसर आता स्वतःत घेतला आहे.

मी दोन्ही लावले, आणि आठवड्याभरात गुरुजींचा फोन आला. त्यांचा मोबाइल जुना. गावागणिक पावसाचे पान उघडताना त्यांना बराच वेळ नुसते एक फिरणारे चक्र दिसत होते. ते म्हणाले, “मॅडम, आमचं काही चुकलं का?” त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटले. कोडे सर्वांना सारखे असते, पण सोडवणारे हात सारखे नसतात. भाड्याच्या ताकदवान यंत्रांना जे एका झटक्यात सुटते, ते पाटणच्या खोऱ्यातल्या सात वर्षांच्या फोनला जड जाते. मी कोडे सोपे केले, जुन्या नोंदींची पाने फक्त ओळख असलेल्यांना दिसतील असे केले आणि पावसाचे पान अडसरातून पूर्ण वगळले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांची भांडारे सांभाळणाऱ्या बर्लिनच्या कोडबर्ग या संस्थेने सांगितले की काही बॉट आता अनुबिसची कोडीही सोडवू लागले आहेत. म्हणजे साखळी पुन्हा आखूड करावी लागणार, आणि दर वेळी ती सर्वांत आधी काचते ती गुरुजींसारख्यांना. संरक्षणाचा विचार करताना तंत्रज्ञांनी मोजायला हवा असा आकडा हाच आहे असे मला वाटते: किती बॉट अडले याइतकेच, किती माणसे दारातून परत गेली.

पूर्वी इतक्या कशाची गरज पडत नसे. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साधी चिठ्ठी सुचवली: अमुक भागात यंत्रांनी येऊ नये. २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले, तरी ती राहिली विनंतीच. देवळाबाहेरच्या ‘चपला इथे काढाव्यात’ या पाटीला कुलूप नसते. येणाऱ्याला लाज असते म्हणून ती चालते. इंटरनेटवरची कितीतरी व्यवस्था अशा पाट्यांवर उभी होती.

सर्व्हर दमला हा भाग सांगायला सोपा आहे, कारण तो मोजता येतो. अवघड भाग पुढे आला. आमच्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात रोज दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. खुल्याच, कारण परगावच्या नातेवाइकांनाही त्या वाचता याव्यात, असे तिला वाटत होते. बॉटची हकीकत कळल्यावर तिने विचारले, “ताई, माझं तेही नेलं असेल का गं?” मला ‘नाही’ म्हणता आले नाही. तिने ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपले दुःख सांगितले होते. कुणी त्याची ध्वनिफीत काढून कारखान्यात पाठवावी, असा त्याचा अर्थ होत नव्हता. खासगी आणि सार्वजनिक अशा दोनच खोल्या आपण इंटरनेटला दिल्या आणि मधला ओटा विसरलो. विकेंद्रित माध्यमांचे सारे सौंदर्य त्या ओट्यात आहे, आणि नेमका त्याचाच बचाव करणे सर्वांत कठीण आहे.

कठीण अशासाठी, की टपालघरे अनेक आहेत. आमचे सॉफ्टवेअर दुसऱ्या सर्व्हरला पोस्ट देताना स्वाक्षरी मागते आणि अडवलेल्या सर्व्हरला देत नाही. मॅस्टोडॉनमध्येही ही सोय आहे, ती चालू करावी लागते. पण नवे नाव विकत घेऊन नवी स्वाक्षरी करणे फारसे अवघड नाही. शिवाय मैत्रिणीची पोस्ट तिच्या वाचकांच्या सर्व्हरवर प्रतीच्या रूपाने आधीच पोहोचलेली असते, आणि त्यांतल्या सर्वांत ढिल्या सर्व्हरइतकेच तिचे संरक्षण पक्के. मॅस्टोडॉन डॉट सोशल या मोठ्या सर्व्हरने जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या अटींत, प्रारूपे शिकवण्यासाठी मजकूर ओरबाडण्यास मनाई केली, हे चांगले झाले. पण त्या अटी त्या एका सर्व्हरच्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावरच्या दहा लाख पोस्टचा संच कुणीतरी तयार करून सर्वांसाठी ठेवला. ओरड झाल्यावर तो काढला, परंतु तिथे सगळ्या खुल्या पोस्टचा प्रवाह मुळातच कुणालाही जोडून घेता येईल असा आहे. मैत्रिणीच्या पोस्ट मी मिटवल्या आणि मिटवल्याचा निरोप इतर सर्व्हरना गेला. तो निरोपसुद्धा एक पाटीच.

या सगळ्यात माझ्या मनात एक उलटा विचारही आहे, आणि तो लपवणे बरे नाही. मराठी ही कोट्यवधींची भाषा असूनही इंटरनेटवर तिचा मजकूर थोडा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्याला इतकी वर्षे झाली, तरी अनेक विषयांवर शोधले तर दोन परिच्छेदांपुढे काही सापडत नाही. यंत्रांना उद्या मराठी नीट यावी, गुरुजींच्या नातवाला आपल्या भाषेत उत्तर मिळावे, असे मलाही वाटते. आणि ती मराठी कुठून येणार? ‘ओढा दगडी पुलाच्या खाली हातभर’ अशा गुरुजींच्या ओळींतूनच ना? दारे घट्ट लावून घेतली, तर आपली भाषा बाहेरच राहील. म्हणून मी सर्वांच्या संमतीने पावसाच्या सगळ्या नोंदी, ज्यांनी होकार दिला त्यांच्या निसर्गविषयक ओळींसह, दर रविवारी एका फाइलमध्ये बांधून ठेवू लागले. शेजारी लिहिले: एकदाच न्यावे, कुठे वापरले ते कळवावे. आजवर तीन माणसांनी कळवून ती नेली. बॉट अजूनही पान-पान मागतात.

आता त्या संगणकाविषयी, कारण विचाराची गाठ मला त्याच्याजवळच सुटली. तो बोर्ड बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या ओलिमेक्स या कंपनीचा. घरोघरी स्वतःचा सर्व्हर असावा या ध्येयाने चाललेल्या फ्रीडमबॉक्स प्रकल्पाने २०१९ मध्ये याच बोर्डावर आपला संच काढला होता, त्यावरूनच मी तो घेतला. त्याचे सगळे आराखडे खुले आहेत. एका वळवात वीज पडून वीजपुरवठ्याच्या बाजूचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग जळाला, तेव्हा मी आराखडा उघडला, त्या भागाचे मूल्य पाहिले, पुण्याहून काही रुपयांचा सुटा भाग मागवला आणि भिंगाखाली डाग देऊन बसवला. दुसरा एखादा बोर्ड असता तर तो कचऱ्यात गेला असता. या खुलेपणालाही तळ आहे; बोर्डावरची मुख्य चिप आतून बंदच आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर मद्रास आयआयटीत झालेले शक्ती किंवा सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर वाचले की वाटते, हा तळ हळूहळू खाली जाईल.

तो दाणा बसवताना मनात आले, की मी प्लोवदिवचा आराखडा वापरला, त्यात त्यांचे काहीच कमी झाले नाही. आमचा पर्जन्यमापक कुणी हजार नग बनवला, तरी आमचा एकही कमी होणार नाही. ज्ञान दिल्याने सरत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि खुल्या हार्डवेअरमध्ये ते शब्दशः खरे आहे. पण आराखडा आणि तो हातात देणारा सर्व्हर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आराखडा सरत नाही. सर्व्हर सरतो: वीज सरते, डिस्क झिजते, रात्री उठून लॉग पाहणारी झोप सरते. बॉटचे समर्थक “ते खुलेच तर आहे” असे म्हणतात, तेव्हा ते पाण्याबद्दल बोलतात आणि कावड विसरतात. परवान्याने पाण्याची अट घालता येते, पण कावडीचे संरक्षण कुठल्याच परवान्यात लिहिलेले नाही. ते आपल्यालाच करावे लागते, आणि ते करणाऱ्याला कुणी खुलेपणाचा वैरी म्हणू नये. माझ्या आजोबांनी पेला बांधला म्हणून ती पाणपोई पुढची कितीतरी वर्षे चालली.

गेल्या महिन्यात पाटणच्या एका विद्यार्थिनीने पर्जन्यमापकाचे भांडार उतरवून घेतले. स्विचच्या टाक्यांवर दमट हवेने गंज चढतो आणि मोजणी चुकते, हे तिच्या लक्षात आले होते. तिने बोर्डावर स्विचची जागा दोन सेंटीमीटर वर हलवली, खाली निथळण्यासाठी एक भोक ठेवले आणि बदललेला आराखडा परत पाठवला, सोबत छायाचित्रे आणि आठ दिवसांच्या आकड्यांची तुलना. तिला दोन ठिकाणी कायकॅडमधली अंतरे कमी पडली होती. आम्ही फोनवर बोलून ती दुरुस्त केली आणि तिची नोंद इतिहासात घातली, तीनशे सातवी. नव्या आवृत्तीचे पाच बोर्ड आता तयार होऊन आले आहेत. त्यांतला पहिला गुरुजींच्या पडवीवर बसवायचा आहे. नांगरणी उरकली की ते शिडी धरायला येणार आहेत.